निजलेलं पाणी

मिठागराच्या कचेरीत खुर्च्या चार होत्या आणि घरात भांडायला उरलेली माणसंही चारच, त्यामुळे अशा बैठकांना बसायची सोय उत्तम व्हायची. मुकादम दारात उभा राहायचा. भांडण मालकांचं असलं तरी त्यात आपलंही मत हवं असं त्याला वाटायचं, आणि ते तो न मागता द्यायचा.

त्या सकाळची बैठक धाकट्याने बोलावली होती, हेच मुळात आक्रीत. बंदरातल्या टग बोटीवर नोकरी धरल्यापासून तो मिठागरावर पाहुण्यासारखा यायचा, आणि मागच्या खेपेला आला तो मोजणीची फीत खिशात घातलेल्या गोदामवाल्याला घेऊन. ती खेप कोणी विसरलं नव्हतं. थोरलीने, म्हणजे त्याच्या वहिनीने, त्या दिवशी गोदामवाल्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. वजनकाटा दुरुस्त करायला येणारा माणूसही जिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय परत जात नाही तिने असं करावं, यावरून राग कुठवर चढला होता ते ओळखावं.

"आज दुपारच्या भरतीला खाडीची झडप उघडू नका," धाकटा खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला. "तेल भूशिराच्या आत आलंय. मी काल डोळ्यांनी बघितलं."

"मागच्या उधाणालाही आलं होतं," त्याचे वडील, आबा, म्हणाले. "रेडिओवर."

मुकादम हसला. हसण्यासारखंच होतं. तेलाचं जहाज दूर समुद्रात फुटलं तेव्हा बंदर कचेरीने किनाऱ्यावरच्या सगळ्या मिठागरांना झडपा बंद ठेवायला लावल्या. होड्या वर ओढल्या गेल्या, हॉटेलवाल्यांनी समोरच्या वाळूवर प्लास्टिक अंथरलं, शाळेतल्या पोरांना तेलाने माखलेले पक्षी कसे पुसायचे ते शिकवलं गेलं. आणि तेल आलंच नाही. मग लोकांची भीड चेपली. सकाळी फिरायला निघालेले म्हातारे एकमेकांना 'काय, आलं का तेल?' म्हणून विचारायचे, आणि नाही म्हटल्यावर पोराच्या लग्नाची तारीख पुढे गेल्यासारखे हळहळायचे.

"लांडगा आला रे आला, असं झालंय तुझं," आबा म्हणाले.

"आबा, त्या गोष्टीत शेवटी लांडगा येतो."

"येईल तेव्हा बघू."

"काल आम्ही तेल अडवायचे तरंगते अडसर ओढत भूशिरापर्यंत गेलो होतो. बोटीपुढचं पाणी हलत नव्हतं. कसं सांगू? पाणी होतं आणि त्याला लाटच नव्हती. दुधावर साय धरावी तसं. इंजिन बंद केलं तर सगळी बोट गप्प. आमचा तांडेल तेवीस वर्षं समुद्रावर आहे, तो म्हणाला, चल, इथे थांबायला नको."

"लाट नव्हती हे वाईट झालं का?" मुकादमाने दारातून विचारलं.

आबांनी त्याच्याकडे पसंतीने पाहिलं. गाजतं पाणी गाळ आणतं, निजलं पाणी मीठ आणतं, ही या घराची म्हण. नव्या सुनेला घरातल्या माणसांची नाती कळायच्या आधी ही म्हण कळायची. खवळलेल्या भरतीला झडप उघडली की चिखल आत येतो आणि मीठ मळकट होतं. म्हणून थांबायचं, पाणी निजलं की घ्यायचं. म्हण खरीच होती, पिढ्यांनी पारखलेली. पाणी का निजलं ते विचारायची वेळ मात्र आजवर कोणावर आली नव्हती.

थोरलीचे कान खोलीत असले तरी जीव वाफ्यांत होता. मिठाचा वाफा म्हणजे नुसता खणलेला चौकोन नव्हे. त्याच्या तळाची माती दरवर्षी भिजवून, ठोकून, अनवाणी पायांनी तुडवून घट्ट करावी लागते, इतकी की वर धरलेल्या मिठाला मातीचा कण लागू नये. ती माती तिच्या नवऱ्याच्या पणजोबांपासून तुडवली जात होती. थोरला गेला तेव्हा लोकांना वाटलं, ही आता माहेरी जाईल. ती वाफ्यात उतरली. तेव्हापासून प्रत्येक हंगामात तिने बायकांच्या रांगेत उभं राहून ती माती तुडवली होती, आणि या सगळ्या पसाऱ्यात तिचं असं जे काही होतं ते तेवढंच होतं.

"भाऊजी, वाफे तडकायला लागलेत," ती म्हणाली. "तुडवणी झाली की पाणी लागतं. मागचं उधाण सोडलं. हेही सोडलं तर पुढच्यापर्यंत माती फुटेल. हंगाम जाईलच, पण तळही जाईल."

"आणि तेल बसलं तर तळ राहील का? वहिनी, मातीने तेल प्यायलं की ते निघत नाही. वरचा थर खरवडून फेकला तरी खालून येत राहतं. त्या मिठाला मग कोण हात लावणार?"

"म्हणजे दोन्हीकडून गोदामच," थोरली म्हणाली.

धाकट्याचे कान लाल झाले. खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता, आणि थोरलीचंही चुकत नव्हतं. मिठागर विकावं असं त्याला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटत होतं. पण आज तो त्यासाठी आला नव्हता, आणि हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"बाई गं, आधी तो तोंडाने काय म्हणतोय ते ऐक," आत्या म्हणाली. "त्याच्या पोटात काय आहे ते मग काढू."

आत्या ही आबांची मोठी बहीण. धाकट्यावर तिचा जीव, आणि आपला तो बाब्या हा न्याय तिने कधी लपवला नाही. पण घरात तिच्या शब्दाला वजन होतं ते वयामुळे नव्हे, चाकामुळे. खाडीच्या काठावरच्या मोठ्या झडपेला दोन टोकांना दोन चाकं होती. आबांचे वडील आणि काका एकमेकांशी बोलेनासे झाले तेव्हा कोणी एकट्याने पाणी घेऊ नये म्हणून त्यांनीच ती तशी करून घेतली होती. दोन्ही चाकं एकदम फिरली तरच झडप सरळ वर जायची. एकच फिरवलं तर तिरकी होऊन अडकायची. काकांना मूलबाळ नव्हतं. त्यांचं चाक आणि ते फिरवायचा लोखंडी दांडा पुतणीकडे आला, आणि आत्या तो दांडा आपल्या खोलीत कपाटामागे ठेवत असे.

"अक्का, तुझं काय?" आबांनी विचारलं.

"माझा दांडा माझ्यापाशी राहील."

"वडिलांनी दोन चाकं केली ती काही एकमेकांना अडवायला नव्हे."

"अडवायलाच केली होती. तू रांगत होतास तेव्हा, तुला काय माहीत."

आबा हसले, पण मनापासून नाही. धाकट्याकडे वळून त्यांनी नाक मुरडलं. "आणि तेलाचा वास म्हणशील तर तो तुझ्याच कपड्यांना येतोय रे. बारा महिने येतो."

धाकटा उठला. थोरलीकडे न बघता त्याने आत्याला विचारलं, "शब्द देतेस?"

"दिला."

त्याची मोटरसायकल वळणापलीकडे गेली तरी तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. एरवी तो कोपऱ्यावरच विरायचा. त्या वेळी हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

*

थोरलीच्या लक्षात आलं ते दुपारी, हाक मारताना.

मिठागरावरची माणसं मोठ्याने बोलतात. समुद्राची गाज रात्रंदिवस कानात असते, तिच्यावरून आवाज काढायचा तर नरड्याला ताण द्यावा लागतो, आणि मग घरातही तोच सूर लागतो. नव्या माणसाला वाटतं, यांच्यात कायम भांडणं चालू आहेत. असतातही, पण तेवढी नाहीत. थोरलीने बांधावरून रोजच्यासारखी मुकादमाला हाक मारली तर तो कानाशी कोणी ओरडल्यासारखा दचकला. तिचा आवाज वाफ्यांवरून पार पलीकडे गेला आणि दुसऱ्याच कुठल्या बाईने हाक मारल्यासारखा परत आला.

"एवढं ओरडतो आपण?" मुकादम जवळ येऊन म्हणाला. तो चक्क कुजबुजत होता. "कमाल आहे."

गाज थांबली होती. लग्न होऊन आली त्या पहिल्या रात्री त्या आवाजाने तिला झोप लागली नव्हती, आणि त्यानंतर तो कधी ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं. घरातल्या घड्याळासारखा तो असायचाच. आता तिने श्वास धरून ऐकलं. स्वतःच्या कानातलं रक्त तेवढं ऐकू आलं.

दोघं बाहेरच्या बांधावर चढले. भरती लागली होती. खाडीत पाणी चढत होतं, काठच्या खुंट्या एकेक करून बुडत होत्या, पण फेस नव्हता, खळखळ नव्हती. ऊन समोरून पाण्यावर पडलं होतं आणि त्या चकाकीपुढे डोळे ठरत नव्हते. पलीकडे वाळूवर पुष्कळ लोक आले होते. असा समुद्र रोज बघायला मिळत नाही म्हणून हॉटेलवाल्यांनी खुर्च्या बाहेर मांडल्या होत्या. कोणी पोहायला उतरलं नव्हतं. सगळे नुसते बघत होते आणि एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते, जसं आजारी माणसाच्या खोलीत बोलतात.

"काय पाणी आहे," मुकादम म्हणाला. "माझ्या उभ्या जन्मात असं निजलेलं पाहिलं नाही."

"आणि हे बगळे?"

बगळे बांधावर ओळीने उभे होते. सगळ्यांच्या पाठी पाण्याकडे.

"पोटं भरली असतील."

"खेकडे?"

खेकडे चिखलातून वर आले होते. बांधाच्या दगडांवर, वाफ्यांच्या कडांवर, कचेरीच्या पायऱ्यांवर ते येऊन बसले होते. माणूस जवळ गेलं तरी पळत नव्हते. एक आबांच्या चपलेत शिरून बसला होता.

"खेकडे वर चढले म्हणजे उधाण मोठं. आमचा बाप सांगायचा."

मुकादमाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, आणि त्यातलं एकही त्याने पदरचं बनवलेलं नव्हतं. सगळी जुनी, अनुभवाची उत्तरं होती. थोरलीला ती पटली. पटायला हवीच होती, कारण पायाखाली तिसऱ्या वाफ्यात एक चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती आणि तीत तिचं बोट मावत होतं.

पाणी प्यायला ती कचेरीत गेली तेव्हा तिथे रॉकेलसारखा उग्र वास भरला होता. धाकटा बसला होता ती खुर्ची तिने उचलून बाहेर उन्हात ठेवली. परत आत येऊन तिने श्वास घेतला. असा वास उतरायला वेळ लागतो, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ती आत्याच्या खोलीकडे निघाली.

आत्याला तिने हाताला धरून वाफ्यांवर आणलं. आत्या बरीच वर्षं वाफ्यांत उतरली नव्हती. चिरा बघून ती उकिडवी बसली आणि एका चिरेवरून तिने अंगठा फिरवला.

"आत्याबाई, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

"नाही मागितलंस. तेच खटकतं तुझं."

"आज मागते."

"मी त्याला शब्द दिलाय गं."

"तेल येईल म्हणून दिलात ना? दाखवा तेल. मी स्वतः दांडा खाडीत टाकते."

आत्याने मान वळवून पाण्याकडे पाहिलं. चकाकीशिवाय काही दिसत नव्हतं. गाज नसल्यामुळे की काय, तिला कितीतरी जुन्या गोष्टी आठवत होत्या, आईची हाक, लोहाराच्या भात्याचा आवाज. असल्या शांततेत माणसाला भीती वाटायला हवी की बरं, हे तिला कळेना.

"त्याला फोन तरी लाव."

"लावला. उचलत नाही."

हे खरं होतं. थोरलीने एकदाच लावला होता, हेही खरं होतं. आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि दांडा आणायला गेली.

*

झडपेवर आबा आणि थोरली खाडीच्या अंगाच्या चाकावर होते, तोंडं पाण्याकडे. आत्याचं चाक जमिनीच्या अंगाला. तिथे उभं राहिलं की समोर रस्त्याची चढण दिसायची. दांडा बसवून आत्याने एक वेढा घेतला आणि तिचे हात थांबले. चाक कुरकुरलं तो आवाज इतका स्पष्ट आला की तिला लाज वाटली.

"अक्का, फिरव," आबा म्हणाले. साध्या आवाजात म्हणाले, तरी पुरलं.

झडप वीतभर उचलली. खालून पाणी आत सरकलं. आबा वाकले, त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. पहिल्या पाण्याची चव घरच्या कर्त्याने घ्यायची, म्हणजे नदीचं गोडं पाणी मिसळलंय का ते कळतं.

"कडक आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "स्वच्छ. अक्का, असं पाणी वडिलांनीसुद्धा घेतलं नसेल."

आत्याने पुन्हा दांडा धरला, आणि वर पाहिलं तर रस्त्यावर धाकटा उभा होता. मोटरसायकल आडवी लावून, हात खाली सोडून. अंतर असं की चेहरा दिसत नव्हता, पण खांदे तिने ओळखले. लहानपणापासून एक खांदा किंचित वर.

आता ओरडेल. शब्द मोडला म्हणून चार लोकांत बोलेल, आणि बोलू दे, ती मनात म्हणाली, मी हात काढून घेईन. ती वाट बघत राहिली. तो काही बोलला नाही. तो तिथून सगळी खाडी बघत होता, झडपेपासून भूशिरापर्यंत, आणि काही बोलत नव्हता. म्हणजे काही नसेल. असतं तर ओरडला असता. तिच्या मनावरचा धोंडाच उतरला, आणि ती जोराने चाक फिरवू लागली.

*

धाकटा बंदरावर गेलाच नव्हता. गावातल्या एका टपरीत चहावर चहा पीत बसला होता, फोन वाजला तो वहिनीचा म्हणून उचलला नव्हता, आणि मग कुठलाही आवाज येईना म्हणून बाहेर आला होता. कालची बोटीवरची शांतता चालत गावापर्यंत आली होती.

चढणीवरून ऊन आडवं पडत होतं, त्यामुळे इथून चकाकी नव्हती. खालच्यांना जे दिसत नव्हतं ते त्याला सगळं दिसत होतं. खाडीच्या तोंडातून एक काळपट तपकिरी पट्टा आत येत होता. घाई नव्हती त्याला. भरती आणेल तसा तो येत होता, आणि तो जिथे पोचे तिथे पाणी एकदम सपाट होई. झडपेपर्यंत अजून बरंच अंतर होतं. झडप वीतभरच उघडी होती, आणि पाणी तळातून आत जात होतं, म्हणून ते स्वच्छ होतं. झडप वर गेली की वरचं पाणी जाणार.

त्याने छातीत हवा भरली.

आणि तेव्हा त्याला जमिनीच्या अंगाच्या चाकावर कोण आहे ते दिसलं. आबा असणार हे त्याला ठाऊक होतं. वहिनी असणार, तेही. पण तिथे आत्या होती. त्याला सकाळचा तो एक शब्द आठवला, 'दिला', आणि त्याच्या जोडीला वहिनीचं, 'दोन्हीकडून गोदामच'. त्याला असं वाटलं नाही की होऊ दे. इतकं स्पष्ट त्याला काहीच वाटलं नाही. फक्त एक माहिती मनात येऊन बसली: हे आत गेलं की मिठागर संपलं, आणि मग कोणाला काही पटवावं लागणार नाही.

खाली आबा म्हणाले, 'कडक आहे.' त्याला ते शब्दन्‌शब्द ऐकू आले. एरवी या चढणीवरून गळा फाटेस्तोवर ओरडलं तरी झडपेवर कोणाला कळत नसे. गाजेत सगळं बुडून जायचं. आज तो नुसता खाकरला असता तरी तिघांनी वर पाहिलं असतं. त्याला ते माहीत होतं. चाकाची कुरकुर येत होती, मुकादम कोणाला तरी 'वाफ्याकडचे पाट मोकळे कर' म्हणत होता तेही येत होतं, पट्टा येत होता, आणि धाकटा भरलेली छाती घेऊन उभा होता.

त्याने हाक मारली नाही.

किती वेळ, ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. मग बांधावरचे बगळे सगळे एकदम उडाले, पंखांचा मोठा आवाज झाला, आणि त्या आवाजाने जणू कोणी धक्का दिल्यासारखा तो चढणीवरून धावत सुटला.

*

"बंद करा," हे पहिल्यांदा थोरलीच म्हणाली. झडप वर गेल्यावर ती चाक सोडून पाटाशी आली होती, वाफ्यांकडे जाणाऱ्या पाण्यात तिने हात घातला होता, आणि वर काढला तो हात ओला नव्हता, तपकिरी होता. पाणी त्यावर थेंब थेंब होऊन घसरत होतं.

पुढचं सगळं धांदलीत झालं, आणि तरी त्यात फारसा आवाज नव्हता. उघडताना जी चाकं फिरत होती ती भरतीच्या रेट्यापुढे बंद होताना अडू लागली. धाकटा धापा टाकत आला, त्याने आत्याच्या हातातून दांडा घेतला आणि अंगाचं वजन टाकून फिरवला. आबांच्या हाताची कातडी सोलली. मुकादम आणि बायका पाटात चिखलाचे गोळे टाकून बांध घालत होते. बैल गेला नि झोपा केला म्हणतात तसलं काम, पण असं काम करताना माणसं फार जीव लावून करतात.

झडप बसली. आत आलेलं पाणी आधी झडपेमागच्या साठवणीच्या तळ्यात, मग पाटांतून वाफ्यांत पसरून स्थिर झालं होतं. कोरड्या चिरा त्याच्यासाठी तोंड उघडून बसल्याच होत्या. काही वेळ बारीक आवाज येत राहिला, माती पीत असल्याचा. एवढ्या शांततेत तो सगळ्यांना ऐकावा लागला. फक्त शेवटची ओळ कोरडी राहिली होती, घातलेल्या बांधापलीकडची.

थोरली तिसऱ्या वाफ्यात उतरली. कोणी तिला अडवलं नाही. तिने दोन पावलं टाकली, आणि ज्या जमिनीवर तिचा पाय कधी घसरला नव्हता तिथे तो घसरला. ती पडली नाही. तशीच उभी राहिली, घोट्यापर्यंत काळी. मग ती बाहेर आली आणि धाकट्यासमोर येऊन थांबली.

"वेळेवर आलात भाऊजी," ती म्हणाली. तिचा आवाज अजून मोठाच होता, सवयीने. "नाहीतर ती ओळही गेली असती. सकाळी मी बोलले ते मनात ठेवू नका."

त्याने मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते कळलं नाही.

आबा झडपेच्या दगडावर बसले होते. एका दिवसात माणूस म्हातारा होतो असं म्हणतात, ते खरं नाही. ते आधीच म्हातारे होते, आज फक्त दिसू लागले. "तुझं ऐकायला हवं होतं रे," ते म्हणाले. "सगळ्या घरात तुला एकट्याला दिसत होतं. आम्ही तुलाच खोटं पाडलं."

"आबा, राहू दे ते."

"राहू कसं देऊ? ऐक. मिठागराचं काय करायचं ते यापुढे तू ठरवायचं. विकायचं म्हणालास तर विकू. ही ओळ राखून पुन्हा उभं करायचं म्हणालास तर ते करू. मी मध्ये पडणार नाही."

"मीही नाही," थोरली म्हणाली. "तुमच्या मनात आमचं भलंच होतं. मीच ओळखलं नाही."

मुकादमाने या वेळी काही मत दिलं नाही. बायका चिखलाच्या हातांनी उभ्या होत्या. सगळे धाकट्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात इतका विश्वास होता की त्याला तिथून चालत निघून जावंसं वाटलं. त्याने ओठ ओले केले. जे हवं होतं ते न मागता हातात आलं होतं, आणि त्याला बोटं मिटता येत नव्हती.

आत्या बाजूला बसून गवताला हात पुसत होती. निघत नव्हतं, तरी पुसत होती. आता तिने वर पाहिलं. आधी रस्त्यावर तो उभा होता त्या जागेकडे, आणि मग त्याच्याकडे.

"बोल," ती हळूच म्हणाली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. "आता तरी बोल."